बारा क्रियापदं

कुसगावातल्या आमच्या घरात कापूस नाही अशी जागा नव्हती. भाकरीच्या पिठात कापूस, माठावरच्या झाकणावर कापूस, अम्माच्या भुवयांत कापूस. अब्बा पिंजारी. लोणावळ्यातल्या बंगल्यांच्या आणि हॉटेलांच्या गाद्या आमच्याकडे यायच्या. चार महिने पावसाची ओल खाऊन त्यांचे नुसते दगड झालेले असायचे, कुबट वास मारायचा, आणि दिवाळीच्या सुट्टीत मुंबईचे मालक येणार म्हणून बंगल्यांचे माळी घाईघाईनं त्या हातगाडीवर घालून आमच्या दारात आणून टाकायचे. मग उन्हं पडली की अंगणात जुना कापूस पसरायचा, उलथापालथा करायचा, आणि अब्बांनी तो पिंजायचा. कमानीला ताणून बांधलेल्या दोरीवर, तातेवर, लाकडी ठोकळा बसला की टंग असा आवाज निघे, आणि तो सकाळपासून दिवस मावळेपर्यंत चाले. पाहुणे विचारायचे, तुमचं डोकं कसं दुखत नाही? आमचं डोकं तो आवाज थांबला की दुखायचं. जेवताना अम्मा ताटावर फडकं धरून बसायची आणि आम्ही फडक्याखाली हात घालून तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खायचो. तरी घासात धागा यायचाच. आता सगळीकडे फोमच्या गाद्या आल्या. माझ्या घरीही तसलीच आहे. झोप लागते, पण गादीला काही अंग आहे असं वाटत नाही.

मी नूरी, धाकटी. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी शमीम, तिला मी आपा म्हणायचे. गादी भरली की तिच्या कडा शिवून मधे मधे दाभणानं टाके घालावे लागतात, नाहीतर कापूस एका बाजूला गोळा होतो. ते टाके आपा घालायची. अब्बांपेक्षा तिचे टाके सरळ यायचे आणि हे अब्बा स्वतः गिऱ्हाइकाला सांगायचे, अगदी तोंड भरून. एकदा अम्माचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा आपा आठ दिवस दवाखान्यात तिच्या उशाशी होती. परत आली ती वेगळीच होऊन आली. नर्स बाई तापमान कसं घेतात, सुई टोचताना पेशंटला बोलण्यात कसं गुंतवतात, याच्या गोष्टी ती आम्हाला महिनाभर सांगत होती. तिला नर्स व्हायचं होतं. टाके घालायला तर येतातच, म्हणायची, बाकीचं शिकवतीलच की ते लोक. अम्मा हसायची. माणसाला शिवणं आणि गादीला शिवणं एकच का गं, म्हणायची. पण अम्मालाही ते आवडलेलं होतं, ते तिच्या हसण्यावरून कळायचं.

अडत होतं ते इंग्रजीपाशी. नर्सिंगच्या कोर्सला दहावी पास पाहिजे होती आणि आपा इंग्रजीत दोनदा नापास झाली होती, तीही चार-पाच मार्कांनी. बाकी सगळे विषय निघाले होते. वाईट हे की दुसऱ्या वेळी मार्चमध्ये मीही तिच्याबरोबर परीक्षेला बसले होते. मी पहिल्या फटक्यात पास झाले, इंग्रजीत तर वर्गात पहिली. गल्लीत पेढे वाटायचे की नाही यावर घरात कुणी काही बोललं नाही आणि पेढे वाटले गेले नाहीत. आपानं मात्र मला जवळ घेऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवला होता. मला त्या वेळी त्याचं काही विशेष वाटलं नाही. पहिल्या आलेल्या पोरीला कशाचंच काही वाटत नसतं.

अब्बांनी मग एकदाच सांगून टाकलं. चाकणचं एक स्थळ आलं होतं, मुलगा गॅरेजात होता, घर स्वतःचं. ऑक्टोबरची परीक्षा देऊन बघ, अब्बा आपाला म्हणाले, निघाली तर पुण्याला नर्सिंगला घालतो, न्हाई निघाली तर चाकणला हो म्हनतो. ते काही रागानं बोलले नव्हते. माणूस मऊ होता. पण आपाचं ठरेपर्यंत माझं कॉलेजही एक वर्ष थांबवलं होतं, आणि दोन मुलींना किती दिवस थांबवून ठेवायचं याचा त्यांनी मनाशी हिशेब केला होता आणि त्यात ऑक्टोबरच्या पुढे जागा नव्हती.

तिला शिकवायचं माझ्याकडे आलं. पेपरात दर वेळी पाच मार्कांचा एक प्रश्न ठरलेला असायचा आणि आपाचे ते पाचच्या पाच जायचे. इंग्रजीत एका क्रियापदामागून दुसरं आलं की त्याचं रूप बदलतं. काही क्रियापदांच्या मागून ‘टू’ लावून यायचं, काहींच्या मागून ‘आयएनजी’ लावून. वाँट, होप, डिसाइड यांना ‘टू’. एन्जॉय, फिनिश, अव्हॉइड यांना ‘आयएनजी’. कुणाला काय, ते आमच्या बाईंनी फळ्यावर दोन याद्या करून लिहून दिलं होतं आणि पाठ करा म्हणून सांगितलं होतं. मी पाठ केलं. मला पाठ करायला काही लागायचंच नाही, टंग टंगच्या तालावर यादी आपोआप बसायची. आपाला ती बसेना. तिला प्रत्येक गोष्टीचं कारण लागायचं. कापूस आधी वाळवायचा का, कडा आधी शिवायच्या का, हे तिनं अब्बांना विचारून विचारून समजून घेतलेलं, म्हणून ते काम तिला यायचं. इंग्रजीला कोण विचारणार?

एका दुपारी आम्ही दोघी एकाच गादीच्या दोन बाजूंना बसून टाके घालत होतो आणि मी तिची यादी घेत होते. ती मधेच थांबली. म्हणाली, “नूरे, आपन ‘शिवायला बसले’ म्हनतो आनि ‘शिवणं संपलं’ म्हनतो. शिवायला संपलं असं कुनी म्हनतं का?” मी म्हटलं, त्याचा काय संबंध? तर ती म्हणाली, जे अजून व्हायचंय त्याला ‘टू’ लागत असंल आणि जे झालंय नाहीतर चाललंय त्याला ‘आयएनजी’. आशा धरायची ती पुढच्या गोष्टीची, ठरवायचं ते पुढचं. संपवायची ती चालू असलेली गोष्ट. मी खो खो हसले. आपा, इंग्रजी आहे ते, तुझी गादी नाही, म्हटलं. असं काही नसतं, बाईंनी असलं काही सांगितलं नाही, तू आपली यादी पाठ कर. तिनं पुढचा टाका घातला.

पुढं मी बी.एड. केलं, लोणावळ्यात तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. नोकरीला लागून काही वर्षं झाल्यावर व्याकरणाचा एक जाडजूड ग्रंथ माझ्या हातात आला. त्यात जवळपास आपा म्हणाली तेच लिहिलेलं होतं, अपवादांची भलीमोठी शेपटी लावून, पण तेच. स्टाफरूममध्ये मी ते पान उघडं ठेवून बसले होते आणि तासाची घंटा झालेली मला कळली नव्हती. त्यानंतर मी प्रत्येक वर्गात तो धडा आपाच्या पद्धतीनं शिकवला. मुलांना पटकन समजायचा. त्यांना मी सांगायचे की ही पद्धत मी एका पुस्तकात वाचली.

परीक्षा सोमवारी आणि त्याच्या आधीच्या शुक्रवारी वडिवळ्याला खालाच्या मुमताजचं लग्न. आपाला जायचं नव्हतं, पण सख्ख्या मावशीच्या घरचं लग्न चुकवायचं म्हणजे पुढची दहा वर्षं ऐकून घ्यायचं. गेलो. खालाच्या अंगणासमोर भातखाचरं लोंबीवर आली होती आणि सगळ्या गावाला तो आंबेमोहराचा वास होता. गुरुवारी दुपारी मेंदी. तेव्हा कोन वगैरे नव्हते. हिरवा पाला पाट्यावर वाटायचा, चहाचं पाणी आणि काथ घालून घोटायचा, फडक्यातून गाळायचा आणि खराट्याच्या बारीक काडीनं नक्षी काढायची. माझा हात त्यात चांगला होता, त्यामुळे बायका रांग लावून माझ्यापुढे बसत. सगळ्यांत शेवटी आपा बसली. मागच्या पडवीत आम्ही दोघीच होतो. तिच्या तळहातावर वेल काढता काढता ते माझ्या डोक्यात आलं, आणि आलं तसं मी ते बोलले. वेलीला पानं काढायची आणि प्रत्येक पानात इंग्रजी क्रियापदाची पहिली दोन अक्षरं. डाव्या हातावर ‘टू’ची सहा, उजव्या हातावर ‘आयएनजी’ची सहा. लग्नघरच्या मेंदीला कोण काय म्हणणार?

आपानं हात मागे घेतला. नको, म्हणाली, मला येतंय आता. मी म्हटलं, तुला मागच्या दोन वेळेलाही येतच होतं की. हे वाक्य मी बोलले. त्यावर तिनं दोन्ही हात माझ्यापुढे धरले. मी इतकी सुरेख नक्षी त्याआधी काढली नव्हती आणि त्यानंतर तर मी मेंदीची काडी हातात धरली नाही. पानांच्या शिरा वाटाव्यात अशी ती अक्षरं बसवली होती. खालानं बघून कौतुक केलं. त्या घरात कुणाला इंग्रजी येत नव्हतं. सकाळी धुतल्यावर आपाची मेंदी सगळ्यांहून गडद चढली. मेंदी अशी रंगली म्हणजे सासू लय जीव लावणार, म्हणून बायकांनी तिला चाकणवरून चिडवून घेतलं. अक्षरं पानांआड लपतील असं मला वाटलं होतं, पण रंग चढल्यावर ती उलट उठून दिसायला लागली. मी आपाला मूठ मिटून ठेवायला सांगितलं.

परीक्षेच्या वर्गात काय झालं ते तिनंच मला सांगितलं. सोमवारी सकाळी ती अम्मानं दिलेला गूळ तोंडात टाकून गेली, ओढणी हातांवर घेऊन. पेपर सोपा होता. तो पाच मार्कांचा प्रश्न आला तेव्हा तिनं हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहणार कशी? पेन उजव्या हातात, डाव्यानं पेपर धरलेला. आम्ही दोघींनी एवढं डोकं चालवलं, पण लिहिणाऱ्या माणसाला स्वतःचा तळवा दिसत नाही हे काही आमच्या लक्षात आलं नव्हतं. तिनं आपल्या त्या व्हायचं-झालेलंच्या हिशेबानं पाची रिकाम्या जागा भरल्या. तीन तास झाले, घंटा वाजली. तेव्हा जादा घेतलेल्या पुरवण्या मुख्य उत्तरपत्रिकेला पांढऱ्या दोऱ्यानं बांधाव्या लागायच्या. आपानं दोन पुरवण्या घेतल्या होत्या, आयुष्यात पहिल्यांदा. दोरा ओवायला, गाठ मारायला दोन्ही हात उघडावेच लागतात. गाठ तर तिची पक्की, टाके घालणारीचीच. ती मारत असताना पर्यवेक्षक बाई बाकाशी आल्या आणि मेंदी छान आहे म्हणून कौतुकानं वाकून बघायला लागल्या.

त्या बाईंना मी दोष देत नाही. मी स्वतः तीस वर्षं पर्यवेक्षण केलं, मलाही तेच करावं लागलं असतं. आपाला केंद्रप्रमुखांच्या खोलीत नेलं, दोन्ही तळहातांवरची अक्षरं कागदावर उतरवून घेतली, तिच्याकडून जबाब लिहून सही घेतली. उत्तरपत्रिका वेगळ्या पाकिटात घालून लाख लावली. तिनं त्यांना सांगून पाहिलं की मी बघून लिहिलं नाही, आत्ता तोंडी विचारा. कुणी विचारलं नाही. विचारायचा नियम नव्हता. ती लोणावळ्याहून कुसगावपर्यंत चालत आली. ती यायच्या आत शाळेच्या शिपायानं अब्बांना बाजारात गाठून सगळं सांगितलेलं होतं.

अब्बांनी त्या दिवशी कमान भिंतीला टेकवून ठेवली होती. आपा आली, तसं तिनं न विचारता दोन्ही हात पुढे केले. अब्बांनी ते उजेडाकडे वळवून पाहिले. वाचता येत नव्हतं त्यांना. नक्षी कुणी काढली, एवढंच त्यांनी विचारलं आणि आपा म्हणाली, मीच. अम्मानं रडत रडत तिला मोरीत पिटाळलं, राख आणि लिंबू घेऊन हात घास म्हणाली. मेंदी घासून जात असती तर काय पाहिजे होतं. अब्बा मग माझ्याकडे वळले. मी कोपऱ्यात गादीच्या खोळी घडी करत उभी होते. ते हातानं काम करणारे होते. माणसाला स्वतःच्या उजव्या हातावर डाव्या हातानं इतकं बारीक काम करता येत नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

“नूरे,” ते म्हणाले, “खरं सांग. तुला म्हाईत व्हतं?”

“न्हाई, अब्बा,” मी म्हटलं. “मला काय म्हाईत. मुमताजच्या मैत्रिनींनी काढली आसंल.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना पटलं की त्यांनी पटवून घेतलं, ते मला आजही सांगता येणार नाही. मी हो म्हटलं असतं तर दोघींचंही शिक्षण त्याच दिवशी संपलं असतं, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. तू तरी नीट शिक, असं म्हणून ते उठले आणि बाहेर वाळत घातलेला कापूस गोळा करायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर पाणी भरत होते तेव्हा आपा माझ्यामागून आली. तिच्या हातांची सालं निघाली होती आणि अक्षरं होती तशीच होती. ती म्हणाली, “तू काय बोलू नको कुनाला. माझं गेलं ते गेलं. दोघी घरी बसून काय व्हनार?” मी रडले. तिनं माझी कळशी उचलून दिली. एवढ्या जळजळत्या हातांनी ती कशी उचलली असेल असं आता वाटतं. तेव्हा मला फक्त सुटल्यासारखं वाटलं.

महिन्याभरानं शाळेमार्फत पत्र आलं. ते मीच अब्बांना वाचून दाखवलं. या परीक्षेचा निकाल रद्द आणि पुढच्या दोन परीक्षांना बसायला मनाई. अब्बांनी ते पत्र नीट घडी घालून पेटीत ठेवलं आणि त्याच आठवड्यात चाकणला निरोप धाडला. निकाहाच्या आदल्या दिवशी आपाच्या हातावर मेंदी काढायला मला बोलावलं, तेव्हा मी ताप आल्याचं सांगून गोधडीत पडून राहिले. जूनमध्ये मी कॉलेजला गेले. अब्बांनी मला नवी छत्री घेऊन दिली होती. माणसं म्हणत, पिंजाऱ्याच्या घरात एक तरी शिकली.

आपाचं चाकणला काही वाईट झालं असं म्हणता येणार नाही. नवरा सरळ माणूस. तीन मुलं झाली, गॅरेज मोठं झालं. तिनं पुन्हा परीक्षेला बसायचं नाव काढलं नाही आणि कुणी तिला बस म्हटलं नाही. मीही नाही. सुट्टीत जायचे, तिच्या मुलांची इंग्रजी घ्यायचे, आणि ती स्वयंपाकघरातून ऐकत असायची. इतकी वर्षं मी स्वतःला एकच गोष्ट सांगत आले, की मी बोलले नाही कारण आपानं मला बोलू नको म्हणून सांगितलं होतं. हे सांगून सांगून मला ते खरंच वाटायला लागलं होतं. माझ्या मुलीला, नवऱ्यालाही मी ती गोष्ट अशीच सांगितली. सगळ्यांना आपा फार थोर वाटली आणि मी बिचारी.

गेल्या थंडीत तिच्याकडे गेले होते. दाजींना आता साखर आहे, आपाच त्यांना दोन्ही वेळा इन्शुलिन टोचते. टोचताना त्यांच्याशी नातवाबद्दल काहीतरी बोलत होती. ते बघून मला राहवलं नाही. दाजी बाहेर गेल्यावर मी तिला म्हटलं, आपा, एक सांगायचंय. तू मला विहिरीवर बोलू नको म्हणालीस ना, त्याच्या आदल्या दिवशीच अब्बांनी मला विचारलं होतं. आणि तू काही सांगायच्या आधीच मी नाही म्हणून मोकळी झाले होते. मला कॉलेजला जायचं होतं.

आपा इन्शुलिनची सुई टोपण लावून डब्यात ठेवत होती. तिनं डबा बंद केला.

“म्हाईत हाय मला,” ती म्हणाली. “मोरीत हात घासत व्हते न्हवं का मी. सगळं ऐकू येत व्हतं.”

मग ती उठून चहा टाकायला गेली. मी तिच्या मागे गेले नाही. तिनं मला माफ केलं का, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. मी ते विचारलं नाही.